पेटीतला समुद्र आणि एकमेकांना न ओळखणारे शेजारी



आजचा भाग एका प्रश्नावरून सुचला. हैदराबादला स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांनी विचारलंय: घरी खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे, त्यात एक लायनफिश, एक बॉक्सफिश आणि एक लहान वाम एकत्र ठेवली तर चालेल का? दुकानदार म्हणतो, काही होत नाही.

छोटं उत्तर असं की ठेवू नका. पण छोट्या उत्तरांवर आपली मालिका चालत नाही. हे 'का नको' कळायला माणसाला शंभराहून जास्त वर्षं लागली. आणि ते कळलं कसं? बहुतेक वेळा सकाळी टाकीत उलटा तरंगणारा मासा बघून. त्यामुळे आज मत्स्यालयांचा इतिहास सांगतो, पण एका ठरावीक बाजूने. कुणाला कुणाच्या शेजारी ठेवलं आणि मग काय झालं, त्या बाजूने.

सुरुवात १८४६ सालच्या इंग्लंडमध्ये करू. ॲना थिन नावाच्या बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेल्या होत्या. नवरा वेस्टमिन्स्टर ॲबीमधला मोठा धर्माधिकारी, घरात नोकरचाकर. खडकावरची प्रवाळं त्यांना आवडली आणि ती लंडनला जिवंत न्यायची असं त्यांनी ठरवलं. प्रवासात हिंदकळून एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांनी ती सुईदोऱ्याने स्पंजला टाचली आणि समुद्राच्या पाण्याच्या बरणीत ठेवली. लंडनमध्ये समुद्र कुठून आणणार? मग त्यांच्या घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. आज जे काम पंप करतो ते त्या मुलीचे हात करत होते. तिचं नाव कुठे नोंदलेलं नाही. घरात खारं पाणी जिवंत ठेवण्याच्या इतिहासात तिचा वाटा पहिल्या काहींमधला आहे, म्हणून मी तिचा उल्लेख मुद्दाम करतो. पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ घातलं आणि ओतण्याचं काम हलकं झालं.

आणखी दोन गोष्टी त्याच सुमारास घडल्या. ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली. आणि डॉक्टर वॉर्ड यांच्या बंद काचपेटीत झाडं महिनोन्‌महिने टिकतात हे लोकांनी पाहिलं होतं. या वॉर्डच्या पेटीशी आपलंही नातं आहे बरं का. रॉबर्ट फॉर्च्युनने चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती याच पेट्यांतून. म्हणजे तुमचा सकाळचा चहा आणि शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यातली माशांची टाकी ही एका अर्थी चुलत भावंडं.

मग रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञ आले. १८४९ साली त्यांनी गोड्या पाण्याच्या टाकीत दोन लहान गोल्डफिश आणि पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं तेव्हा गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं खाल्ली, पाणी निवळलं. मासा श्वास घेतो, झाड प्राणवायू देतं, गोगलगाय कचरा उचलते. यातून 'समतोल मत्स्यालय' ही कल्पना जन्माला आली. कल्पना देखणी होती. पण तिच्यात एक मेख होती. वॉरिंग्टनच्या त्या टाकीत कुणी कुणाला खाणारं नव्हतं. आणि समुद्र म्हणजे तर बव्हंशी एकमेकांना खाणाऱ्यांचंच गाव.

ही मेख खाऱ्या पाण्यात उघडी पडली. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडला अक्षरशः वेड लागलं. रेल्वेने समुद्रकिनारी जायचं, ओहोटीच्या डबक्यांतून हाताला लागेल ते उचलायचं, बरणीत भरायचं, घरी येऊन सगळं एका टाकीत ओतायचं. खेकडा, कोळंबी, समुद्रफूल, तारामासा, गोबी मासा, सगळे एकत्र. आपल्याकडे मालवण-देवगडच्या खडपांवर ओहोटीला फिरलेल्यांना ठाऊक असेल, त्या एका डबक्यात हे सगळे असतातच. मग टाकीत का नसावेत?

कारण त्या डबक्यात दिवसातून दोनदा भरती येते. पाणी बदलतं, खाणं येतं, पळायला वाट मिळते. टाकीत खेकड्याला रात्र मोकळी असते आणि कोळंबीला जायला जागा नसते. शिवाय एक जण मेला की त्याचं कुजणं बाकीच्यांना मारतं. १८६८ साली निसर्गलेखक जे. जी. वूड यांनी लिहून ठेवलंय की या वेडापायी घेतलेल्या दहांतल्या नऊ टाक्या अखेर सोडून दिल्या गेल्या.

सार्वजनिक मत्स्यालयांनी मात्र हार मानली नाही. विल्यम अल्फर्ड लॉइड हा माणूस मला यातला खरा नायक वाटतो. त्याने ओळखलं की दिसणारी टाकी छोटी असली तरी तिच्यामागे न दिसणारं पाणी पुष्कळ हवं. म्हणून तो जमिनीखाली अंधारा हौद बांधायचा, दर्शनी टाक्यांतल्या पाण्याच्या कितीतरी पट मोठा, आणि पाणी सतत फिरवत ठेवायचा. अंधारात शेवाळ माजत नाही, पाणी थंड राहतं, घाण विरते. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय १८७१ मध्ये याच तत्त्वावर उभं राहिलं. आजच्या टाकीखाली कपाटात जो 'संप' असतो तो लॉइडच्या हौदाचाच नातू.

पण पाणी सुधारलं म्हणून शेजारी सुधारत नाहीत. १८७२ साली ब्रायटनचं भव्य मत्स्यालय सुरू झालं. तिथले निसर्गतज्ज्ञ हेन्री ली यांनी एक हकिगत नोंदवली आहे. एका टाकीत लम्पफिशची पिल्लं होती, गोल गुबगुबीत, आळशी. ती एकेक करून नाहीशी होऊ लागली. मेलेली सापडेनात, टाकीला भोक नाही, चोराचा पत्ता नाही. शेवटी एक दिवस सकाळी शेजारच्या टाकीतला ऑक्टोपस लम्पफिशच्या टाकीत बसलेला सापडला. रात्री आपली भिंत चढून हा इकडे यायचा, पोटभर जेवायचा आणि उजाडायच्या आत घरी परत जायचा. त्या दिवशी जरा उशीर झाला इतकंच. पुढे अमेरिकेत सिएटलच्या मत्स्यालयात एका मोठ्या टाकीत महाकाय ऑक्टोपस आणि छोटे शार्क एकत्र होते. काळजी होती ऑक्टोपसची. मेले शार्क, आणि मारणारा ऑक्टोपस. कोण कुणाला खाईल याचा अंदाज आकारावरून किंवा नावाच्या दबदब्यावरून बांधू नये, हे ऑक्टोपसने दोनदा शिकवलं.

भारतात ही विद्या मद्रासच्या वाटेने आली. मद्रास सरकारी संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांच्या कल्पनेतून १९०९ साली मरीना किनाऱ्यावर मत्स्यालय उघडलं, देशातलं पहिलं. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडलं. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचं, उद्‌घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं. ऐकणाऱ्यांपैकी मुंबईत वाढलेल्या किती जणांची शाळेची सहल तिथे गेली असेल! अशा जुन्या मत्स्यालयांत भिंतीत ओळीने वेगवेगळ्या काचेच्या खिडक्या असतात. मुलांना वाटतं ते शोभेसाठी. त्यामागे बऱ्याच अंशी शेजाऱ्यांचाच हिशेब असतो. पाकट इथे, वाम तिथे, हेकरू आणखी पलीकडे.

आता एका अशा शत्रूकडे वळू जो डोळ्यांना दिसत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयात समुद्री मासे भराभर मरत होते. ब्राउन या संशोधिकेने १९३१ साली त्यांच्या कल्ल्यांवरचा एकपेशीय परजीवी शोधून त्याचं वर्णन केलं. हौशी लोक आज त्याला 'व्हेल्व्हेट' म्हणतात, कारण माशावर मखमलीसारखी बारीक पूड दिसते. थोड्याच वर्षांत जपानमधून सिकामा यांनी दुसऱ्या एका परजीवीची नोंद केली. त्यात माशावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. या दोघांचं जीवनचक्र ऐकून ठेवा, कारण सगळी गोम तिथे आहे. परजीवी माशावर पोसतो, मग गळून तळाशी जातो, तिथे कवचात शिरून विभागतो, आणि एकाचे शेकडो होऊन नव्या माशाच्या शोधात पोहू लागतात. समुद्रात त्या शेकड्यांतल्या बहुतेकांना मासा सापडतच नाही, ते मरतात. टाकीत मासा हातभर अंतरावर असतो. समुद्रात जो किरकोळ त्रास तो टाकीत साथीचा रोग.

आणि औषध? तांबं. पाण्यात मोजून मारून तांब्याचा क्षार घातला की परजीवी मरतो. पण त्याच मात्रेत कोळंबी, गोगलगाय, समुद्रफूल, प्रवाळ हेही मरतात. म्हणजे मासा आणि कोळंबी एकमेकांच्या वाटेला न जाता सुखाने राहत असले तरी माशाच्या आजारपणात कोळंबीचा जीव जातो. सोबत जमते की नाही याचा विचार करताना ही बाजू दुकानात कुणी सांगत नाही. उपाय एकच, नवीन मासा आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा, औषध द्यायचं तर तिथेच द्यायचं. विलगीकरण म्हणजे काय हे २०२० नंतर आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इथपर्यंतची गोष्ट बहुतांशी एकाच किनाऱ्यावरच्या माशांची होती. खरी उलथापालथ दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. विमानवाहतूक वाढली. पॉलिथिनच्या पिशवीत थोडं पाणी आणि वर प्राणवायू भरून मासा दोन दिवस टिकू लागला. १९६० च्या दशकात सिलिकॉनने काच काचेला चिकटवता येऊ लागली. त्याआधी टाकीला लोखंडी चौकट लागायची, खाऱ्या पाण्याने ती गंजायची आणि गंज पाण्यात उतरायचा. त्याच दशकात कृत्रिम समुद्री मीठ डब्यातून विकलं जाऊ लागलं. आता समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर बसलेला माणूसही समुद्र पाळू शकत होता. नागपूर, इंदूर, भोपाळ, बंगळूरु सगळीकडे. आज कोलकात्याला गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात किंवा चेन्नईच्या कोळत्तूरला चक्कर मारली तर हा व्यापार किती पसरलाय ते दिसेल.

यात जे बदललं ते असं. फिलिपाइन्सचा मासा, कॅरिबियनचा मासा आणि तांबड्या समुद्रातला मासा, जे लाखो वर्षांत कधी भेटले नव्हते, ते एका टाकीत समोरासमोर आले. एकाच खडकावर वाढलेल्या शेजाऱ्यांना एकमेकांचे इशारे कळतात. हा रंग म्हणजे दूर हो, हा नाच म्हणजे मी साफ करायला आलोय. अनोळखी समुद्रातल्या पाहुण्याला यातलं काही कळत नाही.

रंगांचं हे कोडं कोनराड लॉरेंझ यांनी हातात घेतलं. ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ, १९७३ चं नोबेल विभागून मिळालेले. त्यांचा नाझी पक्षाशी असलेला संबंध हा वेगळ्या भागाचा विषय आहे आणि तो आपण टाळणार नाही. १९६३ मध्ये आलेलं त्यांचं आक्रमकतेवरचं पुस्तक प्रवाळातल्या माशांपासूनच सुरू होतं. फ्लोरिडाच्या खडकांवर आणि स्वतःच्या टाक्यांत त्यांनी पाहिलं की भडक रंगांचे हे मासे सर्वांत जास्त चावतात ते आपल्याच जातीच्या माशाला. वेगळ्या जातीचा, वेगळ्या रंगाचा शेजारी त्यांना बहुधा चालतो. लॉरेंझ यांचं म्हणणं, रंग म्हणजे भित्तीपत्रक: ही जागा माझी, माझ्या जातीच्या दुसऱ्याने इथे येऊ नये. समुद्रात हरलेला मासा पळून पुढच्या खडकावर जातो आणि भांडण तिथे मिटतं. टाकीत पळायला जागा नाही, तेव्हा भांडण मेल्यावरच मिटतं. रंगांचा हा सिद्धांत पुढे सगळ्यांना पटला नाही, कारण भडक रंगाचे कितीतरी मासे जोडीने गुण्यागोविंदाने राहतात. माणसांच्या बाबतीत त्यांनी त्यावरून काढलेले निष्कर्ष तर मलाही पटत नाहीत. पण टाकीपुरतं निरीक्षण पक्कं होतं. 'एकटा नको, सोबतीला त्याच जातीचा दुसरा आणा' हा प्रेमळ सल्ला अनेक समुद्री माशांच्या बाबतीत फाशीची शिक्षा ठरतो.

आता त्या हैदराबादच्या टाकीतल्या तिघांकडे येऊ. आधी बॉक्सफिश, कारण त्याची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते.

हा मासा म्हणजे चालताबोलता डबा. खवल्यांच्या जागी हाडाच्या पट्ट्या जोडून बनलेली चौकोनी पेटी, तिच्यातून बाहेर डोळे, तोंड आणि इवले पर. पिवळाधमक, काळ्या ठिपक्यांचा. लहान मुलाला दाखवला तर दुसरा मासा ते बघणारच नाही. पळता येत नाही, चावायला दात बेताचे. मग हा जगतो कसा? हवाईमध्ये १९५० च्या दशकात लक्षात आलं की बॉक्सफिशसोबत एकाच पाण्यात ठेवलेले बाकीचे मासे मरतात. कुणी चावलेलं नाही, अंगावर जखम नाही. १९६४ मध्ये डोनाल्ड थॉमसन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचं कारण मांडलं. बॉक्सफिश घाबरला किंवा त्रासला की त्याच्या त्वचेतून विषारी स्राव पाण्यात उतरतो. १९६७ मध्ये बॉयलन आणि शॉयर यांनी त्यातला रेणू वेगळा काढला आणि माशाच्या हवाई भाषेतल्या नावावरून त्याला 'पाहुटॉक्सिन' म्हटलं. हे विष साबणासारखं वागतं. पाण्याला फेस आणतं, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं, कल्ल्यांवर घाव घालतं.

आता विचार करा. मोकळ्या समुद्रात हा स्राव म्हणजे शिकाऱ्याच्या तोंडात कडू घास. तो थुंकतो, लाट येते, विष विरतं, दोघेही आपापल्या वाटेला. चार फुटांच्या टाकीत पाणी किती? अडीचशे लिटरच्या आसपास. पंप तेच पाणी गोल गोल फिरवतोय. विष जाणार कुठे? शेजारी तर मरतातच, स्राव पुरेसा झाला तर स्वतः बॉक्सफिशही वाचत नाही. म्हणजे आत्मसंरक्षणाचं हत्यार टाकीत सामूहिक मृत्यूचं कारण होतं. आणि त्याला घाबरवायला लागतं तरी काय? जाळीने पकडणं. नव्या टाकीत सोडणं. एखाद्या चावऱ्या केंड माशाने शेपटीला चिमटा काढणं. लायनफिशने नुसतं तोंड लावून बघणं.

लायनफिशची गोष्ट तोंडापासून सुरू होते. पंखांसारखे पर पसरून हा संथ तरंगतो आणि लोकांना वाटतं, किती शांत मासा! त्याच्या पाठीवर तेरा, पोटाकडे दोन आणि शेपटीजवळ तीन असे अठरा विषारी काटे असतात, पण ते स्वसंरक्षणासाठी. शिकार तो काट्यांनी करत नाही. दोन्ही पर पसरून लहान माशाला कोपऱ्यात कोंडतो आणि झटक्यात गिळतो. आपल्या निम्म्या लांबीपर्यंतचा मासा त्याला जड नाही. म्हणजे आज सोबत आणलेले दोघे सारखे दिसले तरी वाढणारा लायनफिश आणि न वाढणारा शेजारी यांचा करार सहा महिन्यांत मोडतो. टाकी साफ करताना मालकाच्या हाताला काटा लागला तर वेदना भयंकर असतात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ताबडतोब डॉक्टर गाठायचा, हा त्यावरचा मान्य उपचार.

याच पंगतीतला फ्रॉगफिश तर आपल्याएवढा मासा गिळू पाहतो, तोही सुमारे ६ मिलिसेकंदांत. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

वामेबद्दल थोडक्यात. ती रात्री वासावर शिकार करते, आणि तिच्या घशात दुसरा जबडा असतो, जो पुढे येऊन भक्ष्याला आत ओढतो. हे शास्त्रज्ञांना समजलं २००७ साली! शंभराहून अधिक वर्षं मत्स्यालयांत वाम पाळली, तिला जेवताना हजारो लोकांनी पाहिलं, आणि ती गिळते कशी हे कळायला एकविसावं शतक उजाडलं. बोथट दातांच्या काही वामी खेकडे-कोळंबीवर राहतात आणि माशांना सहसा त्रास देत नाहीत, त्यामुळे 'वाम चालते' असं म्हणणारा दुकानदार अगदी खोटं बोलतो असं नाही. कुठली वाम, एवढंच तो सांगत नाही. आणि झाकण घट्ट नसेल तर ती जमिनीवर सापडते.

कुणी कुणाला खाल्लं नाही, विष सोडलं नाही, तरी सोबत जीवघेणी ठरू शकते. समुद्रघोड्याला जठर नसतं. खाल्लेलं भराभर पुढे सरकतं, म्हणून त्याला दिवसभर थोडं थोडं खावं लागतं, आणि खातो तो निवांत, एक डोळा इकडे, एक तिकडे करत. शेजारी चपळ मासा असला की तो सगळं आधीच फस्त करतो. समुद्रघोडा भांडत नाही, तक्रार करत नाही. बारीक होत जातो आणि एक दिवस मरतो. मालक म्हणतो, आजार झाला असेल.

साफसफाई करणाऱ्या निळ्या रासचीही तीच गत. प्रवाळावर हा चिमुकला मासा मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. हेकरूसुद्धा त्याच्यापुढे तोंड उघडून उभा राहतो, त्याला खात नाही. टाकीत चार-पाच मासे, त्यांच्यावर परजीवी कितीसे असणार? उपाशी रास मग शेजाऱ्यांच्या अंगावरची निरोगी त्वचाच टोचू लागतो. त्याच्यासारखाच दिसणारा आणि त्याच्यासारखाच नाचणारा एक ठग ब्लेनीही आहे. तो साफ करायच्या निमित्ताने जवळ येतो आणि लचका तोडतो. दुकानदाराची नजर चुकली की रास म्हणून हाच पिशवीत येतो.

समतोलाची जुनी कल्पना मात्र पुढे एका वेगळ्या रूपात परतली. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये लिहिलं की यंत्रं कमी करा, समुद्रातला जिवंत खडक टाकीत आणा, त्यावरचे सूक्ष्म जीव पाणी राखतील. वॉरिंग्टनच्या गोगलगायीचं काम आता जिवाणू करू लागले. आजची प्रवाळ-टाकी याच विचारावर उभी आहे.

भारतातल्या ऐकणाऱ्यांनी इथे थांबून ऐकावं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ साली समुद्रघोडे आणि प्रवाळं घातली गेली. आपल्या समुद्रातलं प्रवाळ, प्रवाळाचा खडक किंवा समुद्रघोडा कुणी 'आतल्या ओळखीने' देत असेल तर तो मासेप्रेमाचा मामला उरत नाही, गुन्हा होतो. हा कायदा कशासाठी ते कळायला पुन्हा गॉसकडे जावं लागतं. ज्या डेव्हनच्या डबक्यांची त्यांनी इतकी सुंदर वर्णनं केली, ती डबकी त्यांचीच पुस्तकं वाचून आलेल्या लोकांनी ओरबाडली. त्यांचा मुलगा एडमंड गॉस याने १९०७ मध्ये आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे.

उलट दिशेचा प्रवास तर त्याहून महाग पडला. लायनफिश मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला, आपलाच. अटलांटिकमध्ये तो नव्हता. १९८५ साली फ्लोरिडाजवळ पहिला सापडला. १९९२ च्या अँड्र्यू वादळात एक टाकी फुटली आणि सहा मासे समुद्रात गेले, ही गोष्ट बरीच वर्षं सांगितली गेली. पण ८५ सालची नोंद पाहिली की सगळा दोष वादळावर टाकता येत नाही. बहुधा टाकीत मोठा झालेला, शेजारी खाऊन टाकणारा मासा मारवत नाही म्हणून वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या दिवशी समुद्रात सोडला असणार. जनुकांच्या अभ्यासातून दिसतं की त्या किनाऱ्यावरची आजची प्रचंड संख्या मोजक्या पूर्वजांपासून आली. तिथल्या लहान माशांना हा शिकारी ओळखीचा नव्हता, ते पळालेच नाहीत. बहामात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जिथे लायनफिश होता त्या खडकांवर पाच आठवड्यांत नव्या पिल्लांची भर सरासरी ७९ टक्क्यांनी घटली. अनोळखी शेजाऱ्यांची जी फजिती टाकीत होत होती तीच आता एका अख्ख्या समुद्रात सुरू झाली, फरक इतकाच की या टाकीतून त्याला जाळीने काढता येत नाही.

तेव्हा हैदराबादच्या आपल्या मित्राला सांगायचं ते असं. तिघांपैकी लायनफिश ठेवायचाच असेल तर त्याला टाकीत एकटा ठेवा, वाढीचा हिशेब धरून. बॉक्सफिशला अडीचशे लिटर पुरत नाही, सोबत असो वा नसो. आणि यातले दोन मासे आधीच घरी आणले असतील तर दुकानात परत द्या, एखादं सार्वजनिक मत्स्यालय घेईल का विचारा, मोठी टाकी असलेला माणूस शोधा. पुढच्या सुट्टीत विशाखापट्टणम किंवा गोव्याला जाताना पिशवीत घालून नेऊ मात्र नका.